नेकारच्या उत्तर तीरीं

परदेशप्रवासाचीं वर्णनें ह्या मासिकाच्या वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. तीं बहुधा चैत्र-वैशाखांत निघालेल्या मंडळींचीं असतात. त्यांत फुलबागा, सरोवरें आणि उन्हांत झळाळणारे राजवाडे असतात. आमचें जाणें झालें तें ऐन हिंवाळ्यांत, आणि तेंही पाहण्यासाठीं नव्हे, बाळंतपणासाठीं. माझा मुलगा जर्मनींत हायडेलबर्ग येथें सात वर्षें नोकरीस आहे. सुनेच्या आईचे गुडघे अधू झालेले, त्यामुळें दुसऱ्या खेपेस तिच्या माहेरचें कोणी येऊं शकत नव्हतें. तेव्हां २०२४ सालची दिवाळी आटोपून, कार्तिकी एकादशीच्या आधींच, सौ. आणि मी असे दोघे जालन्याहून निघालों. परवाना नव्वद दिवसांचा. सौ.नीं डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा आणि बाळंतकाढ्याचीं पुडकीं बांधलीं. मीं पंचांग, आपट्यांचा कोश, पळी-पंचपात्र आणि दोन धाबळ्या घेतल्या. एक कागद मात्र घरच्या लोखंडी पेटींत मुद्दाम ठेवून गेलों. त्या कागदाची हकीकत पुढें येईल; खरें म्हणजे हा लेख मीं तिच्यासाठींच लिहावयास घेतला आहे.

हायडेलबर्गची थंडी त्या देशाच्या मानानें सौम्य समजतात. बर्फाचे डोंगर पाहावयास मिळतील ही माझी कल्पना पहिल्या आठवड्यांतच मावळली. होतें तें धुकें, ओल आणि काळोख. चौतीस वर्षें मराठी शाळेंत मीं पृथ्वीचा गोल आणि मेणबत्ती घेऊन मुलांस दिनमान शिकविलें. उत्तरेकडे जावें तसतसा हिंवाळ्यांतला दिवस लहान होतो, हें वाक्य किती वेळां फळ्यावर लिहिलें असेल याची गणती नाहीं. पण तें वाक्य अंगावर आलें तें येथें. मार्गशीर्षाच्या अखेरीस सूर्य सव्वाआठाच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो. आमच्या जालन्यास वर्षांतला सर्वांत लहान दिवसही अकरा तासांच्या आसपास असतो. येथें तो आठ तासांवर थोडा. आणि उगवतो म्हणावें तेंही पंचांगापुरतें. एकदां ओळीनें अकरा दिवस सूर्याचें दर्शन झालें नाहीं. सकाळीं गच्चींत उभा राहून मी अर्घ्य देत असें तें केवळ घड्याळावर आणि दिशेवर विश्वास ठेवून. समोरच्या इमारतींतील एक म्हातारी बाई पडद्याआडून पाही. सहाव्या-सातव्या दिवशीं तिनें हात हालविला. मीं पळी हातांत असतांना काय करावें हें न सुचून मान लवविली.

पंचांगानेंही प्रथम घोटाळाच केला. हिंवाळ्यांत तेथील घड्याळ आपल्या साडेचार तास मागें. म्हणजे आपल्याकडे जी तिथि सकाळीं सात वाजतां संपते ती तेथें रात्रीं अडीचलाच संपलेली असते. उपवासाचा दिवस कोणता, ह्यावर सौ. व मी दोघांचा एकदां चांगलाच वाद झाला. शेवटीं तिनें दोन्ही दिवस उपवास केला व वाद मिटविला. अर्थात् जिंकली तीच.

घरांतील राहणीविषयीं थोडें सांगतों, कारण ज्या घरांतून मुलें परदेशीं आहेत तेथील वडील मंडळींस त्याचा उपयोग होईल. पहिल्या दिवशीं सकाळीं बाहेर पाणी गोठावें अशी थंडी असतांना सुनेनें घरच्या सर्व खिडक्या सताड उघडल्या. मला वाटलें, पोरीच्या डोक्यावर कांहीं परिणाम झाला! नंतर कळलें कीं भिंती व खिडक्या इतक्या घट्ट असतात, कीं श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ आंतच कोंडून भिंतींस बुरशी येते. म्हणून दिवसांतून दोन-तीन वेळां पांच-दहा मिनिटें वारा आंत घ्यावयाचा आणि पुन्हां सर्व बंद करावयाचें. भाड्याच्या करारांतसुद्धां ह्याविषयीं कलम असतें. उदबत्तीचें मात्र जपून. छताला धुराची सूचना देणारें यंत्र असतें, आणि त्याला धूप आणि आग ह्यांतला भेद कळत नाहीं.

कागद, ओला कचरा, वेष्टनें आणि उरलेलें असे कचऱ्याचे चार भाग. प्लास्टिकची रिकामी बाटली दुकानांतील यंत्रांत परत घातली म्हणजे पंचवीस सेंट मिळतात. हें काम मीं आनंदानें अंगावर घेतलें. पण कांचेच्या बरण्या नाक्यावरच्या हौदांत टाकाव्या लागतात, आणि त्या रविवारीं टाकावयाच्या नसतात, कारण आवाजानें शेजाऱ्यांच्या विश्रांतीचा भंग होतो. हें मला ठाऊक नव्हतें. लोणच्याची बरणी मीं रविवारीं दुपारीं टाकली; ती खळ्ळकन् फुटली, आणि तीच पडद्याआडची म्हातारी बाई छत्री घेऊन खालीं आली व मला पांच मिनिटें बोलली. शब्द एकही कळला नाहीं, पण सूर पूर्ण परिचयाचा होता. पन्नास वर्षांत मला कोणी तसें रागावलें नव्हतें.

मार्गशीर्षांत नातू झाला. चार वर्षांच्या नातीनें त्याला पाहून मराठींत एक व जर्मनींत दोन वाक्यें उच्चारलीं. तेथें बाळंतिणीस घरीं आणल्यावर पहिले दहा दिवस सुईण रोज घरीं येऊं शकते. तो खर्च आरोग्यविम्यांतून होतो. आमच्याकडे आलेली सुईण तरुण, उंच व पुरुषासारखे केस कापलेली. सौ.नीं तिला पाहिलें आणि तोंड फिरविलें. दुसऱ्या दिवशीं त्या मुलीनें बाळंतिणीस दूध येण्यासाठीं एक काढा लिहून दिला. मुलानें चिठ्ठी वाचली : बडीशेप, ओवशासारखा एक दाणा आणि शहाजिरें. सौ.नीं न बोलतां आपलें पुडकें उघडून तिच्या नाकापाशीं धरलें. त्यानंतर दोघी जणी एकमेकींची भाषा न येतां तासभर बोलत बसत.

आतां त्या कागदाविषयीं. ज्येष्ठांत मुलाचा फोन आला होता. जर्मन सरकारनें २७ जून २०२४ पासून नागरिकत्वाचा नवा कायदा लागू केला. पांच वर्षें कायदेशीर राहिलेल्या, स्वतःच्या मिळकतीवर जगणाऱ्या आणि भाषेची परीक्षा दिलेल्या माणसास अर्ज करतां येतो, आणि आपलें जुनें नागरिकत्व सोडावें ही त्यांची अट गेली. पण त्यांची अट गेली तरी आपली राहिली. आपल्या राज्यघटनेच्या नवव्या कलमाप्रमाणें, जो स्वेच्छेनें परक्या देशाचें नागरिकत्व घेतो तो भारताचा नागरिक राहत नाहीं. पुढें त्यास परदेशस्थ भारतीय म्हणून एक कार्ड मिळूं शकतें. त्यावर येणें-जाणें, राहणें सर्व होतें, परंतु मतदान नाहीं, आणि शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. वारसानें आलेली मात्र ठेवतां येते. आमची अंबडकडे साडेचार एकर मोसंबी आहे.

मुलानें परवानगी मागितली नव्हती, तो एवढेंच म्हणाला, "बाबा, अर्जाला माझा जन्माचा दाखला लागेल. मूळ प्रत तुमच्यापाशीं असेल ना?" दाखला माझ्यापाशीं होता. लोखंडी पेटींत, वडिलांच्या महाभाष्याच्या पहिल्या भागांत, मीं स्वतः घडी करून ठेवलेला. मी म्हणालों, "पाहतों. घर रंगविलें तेव्हां कागद इकडचे तिकडे झाले. सांपडत नाहींसा वाटतो." पुढें दोनदां त्यानें विचारलें, आणि दोनदां मीं तेंच उत्तर दिलें. ज्या मास्तरानें खोटें बोलल्याबद्दल मुलांना छड्या मारल्या, रोज सकाळीं ओळींत उभें करून प्रतिज्ञा म्हणवून घेतली, त्यानें हें केलें. कारण काय द्यावें? प्रतिज्ञेचेंच द्यावें असें मनांत येई. पण तें खरें नव्हतें. खरें कारण असें, कीं तो दाखला गेला म्हणजे तो परत येईल ही आशा मला सोडावी लागणार होती. आणि ती सोडण्याचा दिवस मी लांबवीत होतों.

हायडेलबर्गांत असतां ह्या विषयावर कोणी बोललें नाहीं. मुलगा मला हिंडवी. नाताळच्या सुटींत त्यानें विचारलें, "बाबा, कोठें जाऊं या? पॅरिस? म्यूनिक?" मीं म्हटलें, ग्योटिंगेन. त्याला हंसूं आलें. फ्रांकफुर्टवरून आगगाडीनें तीन तासांचा तो प्रवास. बाहेर नांगरलेलीं ओलीं शेतें, उघडीं झाडें, आणि एका तारेवर बसलेला ससाणा. बाकी सर्व धुकें.

ग्योटिंगेनचें नांव मला लहानपणापासून माहीत होतें, तें वडिलांमुळें. वडील पाठशाळेंत व्याकरण शिकवीत. त्यांच्यापाशीं व्याकरणमहाभाष्याचे तीन भाग होते. मूळ कीलहॉर्न ह्यांनीं संपादिलेले आणि पुढें काशिनाथ वासुदेव अभ्यंकरांनीं पुन्हां शोधून काढलेले. फ्रान्झ कीलहॉर्न १८६६ पासून १८८१ पर्यंत पुण्यास डेक्कन कॉलेजांत संस्कृतचे अध्यापक होते. पुण्यांतल्या शास्त्र्यांपाशीं बसून त्यांनीं व्याकरण जाणून घेतलें, हस्तलिखितें ताडून पाहिलीं, आणि १८८० पासून भाष्याची आवृत्ति काढावयास प्रारंभ केला. मग ते ग्योटिंगेनला गेले व १९०८ मध्यें निवर्तेपर्यंत तेथेंच शिकवीत राहिले. पुण्यास त्यांची जागा रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीं घेतली. वडील म्हणत, "पतंजलीला नीट कपडे घालून आपल्यापुढें आणला तो एका जर्मनानें. आपण त्याला नुसतें पांठ म्हणत होतों." वडिलांनीं औरंगाबादच्या पलीकडे पाऊल टाकलेलें नव्हतें, पण ग्योटिंगेन हा शब्द ते आळंदी म्हणावें तसा म्हणत.

गांव लहान व टुमदार. जुन्या नगरभवनापुढें एका कारंज्यावर हंस घेऊन उभ्या असलेल्या मुलीचा पुतळा आहे. नवा पंडित झालेला विद्यार्थी वर चढून तिचें चुंबन घेतो अशी तेथें रीत आहे. सौ.नीं मला, "तुम्ही मॅट्रिकच बरे," म्हणून सांगितलें. दुकानें दिव्यांनीं सजलेलीं, हवेंत भाजलेल्या बदामांचा वास. मी विद्यापीठाच्या जुन्या दगडी इमारतींपुढें नुसताच उभा राहिलों. सुटी असल्यामुळें सर्व बंद. मनांत एकच गोष्ट घोळत होती. ह्या गृहस्थानें आपल्या तारुण्याचीं पंधरा वर्षें पुण्याच्या उन्हांत काढलीं. पुण्यांतल्या कोणी शास्त्रीबुवांनीं त्यास विचारलें असेल काय, कीं तुम्ही आमचे कीं तुमचे?

असाच दुसरा गृहस्थ हायडेलबर्गचाच. गुंथर सोंथायमर. दक्षिण आशियाच्या अभ्यासाची संस्था तेथील विद्यापीठानें १९६२ मध्यें काढली. तिच्यांत ते शिकवीत. उत्तम मराठी बोलत. धनगरांच्या वाड्यांवर महिनोगणती राहून त्यांनीं बिरोबा, म्हसकोबा व खंडोबा ह्यांच्यावर १९७६ मध्यें ग्रंथ लिहिला. १९९२ मध्यें ते वारले. दसऱ्यानंतर आमच्या शाळेवरून धनगरांचे कळप जात. मुलें खिडकींत गर्दी करीत, व मी छडी आपटून त्यांना जागेवर बसवीत असें. त्या माणसांच्या गाण्यांत कांहीं ऐकण्यासारखें आहे हें हायडेलबर्गहून येऊन एकानें ओळखलें, आणि मी तेथल्या तेथें बसून ओळखलें नाहीं. ह्याचें वाईट मला तेथें गेल्यावर वाटलें.

दुसरा प्रवास नेकार नदीच्या उगमाचा. हा माझा हट्ट. पौष वद्य पंचमीस वडिलांचें श्राद्ध. तें ह्या वर्षीं प्रथमच घराबाहेर करावयाचें होतें. ब्राह्मण मिळणें शक्य नव्हतें, म्हणून सांकल्पिक श्राद्ध करावें असें ठरविलें. पण संकल्पांतच अडलों. संकल्पांत देश आणि काल ह्यांचा उच्चार करावा लागतो. आपण कोठें व केव्हां उभे आहों हें आधीं सांगावयाचें, मग काय करणार तें. जालन्यास आम्ही गोदावरीचें उत्तर तीर म्हणतों. आमची कुंडलिका दुधनेला, दुधना पूर्णेला व पूर्णा गोदेला मिळते, तेव्हां नात्यानेंही तें योग्य. येथें काय म्हणावें? अमेरिकेंतले पुरोहित त्या खंडास क्रौंचद्वीप म्हणतात असें ऐकलें आहे. तसें कांहीं शोधून काढावें, कीं सवयीनें जालन्याचेंच म्हणून टाकावें? पुष्कळ जण तसेंच करतात, आणि त्यांत कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. पण हायडेलबर्गचें जुनें गांव नेकारच्या दक्षिणेस आहे, आणि मुलाचें घर तिच्या उत्तरेस. म्हणजे तीर तेवढें जमत होतें. ज्या नदीचें नांव घ्यावयाचें ती एकदां मुळापासून पाहावी असें वाटलें.

नेकार श्वेनिंगेन नांवाच्या गांवाजवळ, काळ्या अरण्याच्या कडेस, एका दलदलींतून निघते. उंची सुमारें सातशें मीटर. आम्ही गेलों तेव्हां बर्फ पडलेलें होतें, आणि मुलाच्या हयातींत प्रथमच मीं त्याचा हात धरून चालण्यास नकार दिला नाहीं. लांकडी फळ्यांच्या वाटेनें जावें लागतें. त्र्यंबकेश्वरासारखें कुंड नाहीं, गोमुख नाहीं. करडें गवत, खुरटीं झाडें, गोठलेलें काळें पाणी. मुलगा म्हणाला, "बाबा, ह्या पठाराची एक गंमत आहे. इकडचें पाणी नेकारमधून ऱ्हाइनला आणि उत्तर समुद्राला जातें. थोडें पलीकडे पडलेलें डॅन्यूबला मिळून काळ्या समुद्राला जातें." मी कांहीं बोललों नाहीं. त्यानें तें भूगोल म्हणूनच सांगितलें असावें. सौ. गाडींतच बसून राहिली होती, आम्ही परतल्यावर तिनें थर्मासमधला चहा दिला आणि विचारलें, "पाहिलीत का गंगा?"

श्राद्धाच्या दिवशीं सकाळीं अंधारांतच उठलों. सुनेचें अंग धरलेलें नव्हतें, तरी तिनें सौ.बरोबर आमटी-भात, खीर, वडे केले. धुराच्या यंत्राला मुलानें रबरी टोपी घातली व काम झाल्यावर ती काढावयाची हें दाराला चिठ्ठी लावून ठेवलें. मी दक्षिणेकडे तोंड करून तीळ, दर्भ घेऊन बसलों. मुलगा शेजारीं मांडी घालून बसला होता. नात त्याच्या पाठीवर. मीं आचमन केलें, आणि संकल्पापाशीं थांबलों. मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, भरतखंड म्हणणार का?"

मीं त्याच्याकडे पाहिलें. त्याच्या विचारण्यांत टोमणा नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यावयाचें होतें. मी म्हणालों, "नाहीं. जेथें बसलों आहों तेंच म्हणणार." आणि मीं शर्मण्यदेशांत, हायडेलबर्ग ग्रामीं, नेकार नदीच्या उत्तर तीरीं असा उच्चार केला. संवत्सर, अयन, ऋतु, मास, पक्ष ह्यांत बदल करण्याचें कारण नव्हतें. आवाज आरंभीं चमत्कारिक वाटला, मग वाटेनासा झाला. वडिलांचें, आजोबांचें, पणजोबांचें नांव घेतलें. काकबळी गच्चींत ठेवला. थोड्या वेळानें कावळा आला. त्याच वेळीं समोरच्या उघड्या झाडावरून हिरव्या पोपटांचा एक थवा ओरडत गेला. ते पोपट तेथें अनेक वर्षें वस्ती करून आहेत. पिंजऱ्यांतून सुटलेल्यांची प्रजा. मोतीबागेंतल्या पोपटांहून निराळे मला तरी दिसले नाहींत.

जेवणें झाल्यावर मुलगा हात पुशीत असतां मी म्हणालों, "तुझा दाखला सांपडत नाहीं असें मी म्हणालों तें खोटें होतें. तो पेटींत आहे. आजोबांच्या महाभाष्यांत, पहिल्या भागांत."

तो कांहीं वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला ठाऊक होतें, बाबा."

"कसें?"

"आईनें गणपतींतच सांगितलें. ती फोटो काढून पाठवणार होती. मीच नको म्हटलें." नंतर तो थोडा थांबून म्हणाला, "नगरपालिकेंतून दुसरी प्रत काढतां आली असती. तेंही केलें नाहीं."

सौ. खिरीचें पातेलें घासावयास निघून गेली. मला राग आला, तो कोणाचा हें ठरवितां येईना. आणि मग तो गेलाही. मीं विचारलें, "तुला हें करावयाचेंच आहे?" तो म्हणाला, "हो. मुलें येथें वाढणार. दर दोन-तीन वर्षांनीं परवान्याच्या रांगेंत उभा राहून कंटाळलों आहें. पण तुम्हांला चोरून करावयाचें नव्हतें." मी म्हणालों, "मीच चोरून ठेवला." त्यावर आम्ही दोघेही हंसलों, फार नव्हे.

माघाच्या आरंभीं आम्ही जालन्यास परतलों. विमानतळावर नात रडली, ती मराठींत, हें सौ.नीं घरीं येईपर्यंत तीनदां सांगितलें. दुसऱ्या दिवशीं पेटी उघडली. दाखल्याची घडी पिवळी पडली होती आणि भाष्याच्या पानावर तिचा ठसा उमटला होता. मीं तो पाकिटांत घातला, जाड पुठ्ठा लावला, व टपालकचेरींत जाऊन नोंदवून पाठविला. मागील बाजूस पाठविणाराचा पत्ता लिहावा लागतो, तो लिहिला.

अठरा दिवसांनीं पोहोंचल्याचें कळलें. अर्ज गेला आहे. निकालास वर्ष-सव्वावर्ष लागतें असें म्हणतात. अंबडकडील मोसंबीला आंबेबहार चांगला धरला. मुलानें तिचे फोटो मागविले होते, ते सौ.नीं पाठविले. मला त्यांतलें जमत नाहीं.